सुट्ट्या पैशांचे लाख करून देणाऱ्यांस

प्रति,
मोबाइलवरील समस्त स्वयंघोषित नाणेतज्ज्ञ यांस,



आपल्या कृपेने सध्या घरोघरी देव्हाऱ्यातली वाटी, मिसळणाच्या डब्यामागची चिल्लर आणि मुलांचे गल्ले उपसले जात आहेत. वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे सापडले की आजोबा नातवाच्या लग्नाचा हॉल बघायला निघतात. ते नाणे २०१२ सालचे, देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त काढलेले आणि बाजारात सर्रास फिरलेले आहे, एवढे सांगायला आपल्या व्हिडिओत वेळ उरत नसावा.

सालाखालच्या खुणेचेही तसेच. हिरा दिसला की आपल्या लेखी घबाड. हा हिरा म्हणजे फोर्टातल्या मुंबई टाकसाळीची सही. तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा. आणि ‘खूण छापायचीच राहिली’ म्हणून ज्या नाण्यावर आपण बोली लावायला सांगता, ते बिचारे कोलकात्याचे. त्या टाकसाळीची खूण नसतेच.

मग चूक शोधायची कुठे? कोरी चकती दोन साच्यांमध्ये दाबून दोन्ही बाजू एकदमच उमटवतात. गडबड होते ती त्या क्षणी. चकती सरकली तर चित्र एका कडेला जाते आणि दुसरीकडे कोरी कोर उरते. अशा नाण्यावर साल शाबूत असेल तर संग्राहक अधिक खूश होतात. कधी आधीचे नाणे साच्यालाच चिकटून बसते आणि पुढच्या चकतीवर एका बाजूला सरळ ठसा, दुसऱ्या बाजूला तोच ठसा उलटा आणि खोलगट उमटतो. जाणकार त्याला ‘लखी’ म्हणतात. दहाच्या नाण्यात बाहेर पिवळे कडे, आत पांढरी चकती. ती चकती कड्यावर चढून बसलेली असेल तर नाणे जपून ठेवावे.

सर्वांत सोपी परीक्षा फुकट आहे, म्हणूनच बहुधा आपण ती सांगत नाही. सिंह सरळ दिसतील असे नाणे वर-खाली चिमटीत धरावे आणि उभ्या अक्षावर फिरवावे. आजच्या भारतीय नाण्याची मागची बाजूही सरळच दिसायला हवी. ती तिरपी किंवा डोक्यावर उभी असेल तर साचा फिरलेला. भाव किती, हे चूक किती ठळक आहे त्यावर. झिजलेला, ठेचलेला किंवा रुळावर ठेवून चपटा केलेला रुपया या यादीत येत नाही.

गंमत अशी की, आपल्या व्हिडिओत लाखाला जाणारे दहाचे नाणे कोपऱ्यावरचा वाणी दहालाही घेत नाही. त्याला पंधरा पट्ट्यांचे नाणे खोटे वाटते. दहाची तोवर निघालेली चौदाही प्रकारची नाणी वैध आहेत, हे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितले. त्याच बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये आणखी एक पत्रक काढले: जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी बँकेच्या नावाने फी, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांना भुलू नका. आपल्या ‘आधी नोंदणी शुल्क भरा’ या ओळीशी त्याचा काही संबंध नसणारच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सुट्ट्यासाठी कंडक्टरशी रोज भांडणारा एक प्रवासी

ता. क. : दोन्ही बाजूंना छापा असलेले ते ‘दुर्मिळ’ नाणे पाहिले. जादूगार अशी नाणी दोन नाणी कातून, एक दुसऱ्यात बसवून बनवतात. कडेच्या आतल्या बाजूला बारीक सांधा दिसतो. पुढच्या व्हिडिओत कॅमेरा जरा तिथे न्यावा.