विषय : फुलांचे असमाधानकारक वर्तन

प्रति,
समस्त फुले,
कास पठार, जि. सातारा.

स. न. वि. वि.

सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही सहकुटुंब आपल्या भेटीस आलो होतो. ऑनलाइन बुकिंग केले, यवतेश्वरच्या घाटात गाड्यांच्या रांगेत दुपार घालवली, माणशी शुल्क भरले. एवढे करून जे पदरी पडले, त्याबद्दल हे अनावृत पत्र लिहिणे भाग आहे.

सर्वप्रथम आपली उंची. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपण क्षितिजापर्यंत पसरलेले दिसता. प्रत्यक्षात आपल्यातले कित्येक जण नखाएवढे! सीतेची आसवे बघायला आमच्या सासऱ्यांना उकिडवे बसवले आणि उठवायला दोघे जण लागले. गाइड म्हणाला, खाली सगळा जांभ्याचा कातळ, वर मातीचा पातळ थर. पावसाळ्यात पाणी साचते, उन्हाळ्यात दगड तापतो, मोठे झाड इथे तगणार कसे? ही अडचण आपली झाली. ग्राहकाने ती का ऐकून घ्यावी?

त्याने पुढे जे सांगितले त्याने तर आमच्या मातोश्री हबकल्याच. या मातीत नत्र कमी, म्हणून आपल्यातली काही मंडळी किडे खातात. दवबिंदू पानांवर चिकट थेंब मिरवतो आणि त्यावर बसलेला किडा जिरवतो. सीतेची आसवे जमिनीखाली बारीक फुग्यांचे सापळे लावून बसतात. नाव सीतामाईचे आणि आहार हा! तोही भाद्रपदात, जेव्हा आमच्या घरी गौरी-गणपतीमुळे कांदासुद्धा चिरला जात नाही. कंदीलपुष्पाची तऱ्हा आणखी निराळी. वासाने भुललेली माशी आत शिरते, नळीतले केस तिला परत फिरू देत नाहीत, आणि ते केस कोमेजले की अंगाला पराग चिकटवून तिची सुटका होते. पाहुण्याला कोंडून घ्यायचे आणि जाताना काम सांगायचे, हा कुठला पाहुणचार? (आमच्या हॉटेलवाल्याने निदान चेक-आउटची वेळ पाटीवर लिहिली होती.)

वेळापत्रकाबद्दल तर बोलायलाच नको. तेरडा गुलाबी झाला तेव्हा सोनकी यायची होती, आणि सोनकीने पठार पिवळे केले तेव्हा आमची रजा संपली होती. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते म्हणे. एवढ्या काळात आमचा मुलगा पहिलीतून आठवीत जातो आणि राज्यात दीड निवडणूक होते. थोडे लवकर उरकता येणार नाही का?

महाबळेश्वर बघा. प्रत्येक कड्याला साहेबाचे नाव, कठडा, घोडा, भाजलेले कणीस. विल्सन पॉइंटवर सूर्य ठरल्या वेळी उगवतो. पावसाळ्यात धुके सगळे गिळते खरे, पण तेव्हा निदान भजी मिळतात. आपले शेजारी मात्र आपल्याच वळणाचे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि तिथला वाघ माणसांना टाळून झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यासमोरून जातो! आपण, कोयना, चांदोली आणि राधानगरी, या महाराष्ट्रातल्या चार जागांना २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा ठरवले. मान मिळाला, सेवा सुधारली नाही.

आता मुख्य तक्रार. आमची कन्या रील काढण्यासाठी तेरड्यात जरा आडवी झाली, तर गावच्या समितीतल्या माणसाने शिट्टी मारली. पायांखाली माती दबली की पुढच्या वर्षी तिथे काही उगवत नाही, असे त्याचे म्हणणे. ठीक. पण मग त्यानेच सांगितले की आपल्याभोवती मध्यंतरी तारेचे कुंपण घातले होते, चराई थांबली, गवत माजले, आपण कमी झालात, म्हणून गावकऱ्यांनी कुंपणाला विरोध केला आणि शेवटी ते काढले गेले. म्हणजे म्हशीचे खूर चालतात आणि आमचे बूट चालत नाहीत? म्हैस तिकीट काढत नाही. म्हैस शेणाखेरीज मागे काही ठेवत नाही. आम्ही पाण्याच्या बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटे, केकचा खोका एवढे सगळे ठेवून आलो, तरी आपली पसंती तिलाच! या पक्षपाताचा खुलासा व्हावा.

गेंदाचे एक रोप आम्ही नमुना म्हणून मुळासकट घरी आणले. कुंडीत नर्सरीची माती, गांडूळखत, रोज पाणी. आठवड्यात वाळले. जिथे मातीच नाही तिथे डुलायचे आणि जिथे सगळे हाताशी आहे तिथे मान टाकायची, याला आमच्याकडे आडमुठेपणा म्हणतात.

तरी विनंती की, पुढील हंगामापासून आपण शनिवार-रविवारी, सर्व रंगांत एकाच वेळी, कमरेएवढ्या उंचीवर आणि पार्किंगला लागून फुलावे. जमणार नसेल तर तसे कळवावे, म्हणजे आम्ही येणार नाही आणि आमच्या ग्रुपलाही येऊ देणार नाही.

कळावे,
आपला,
तिकीट काढून आलेला एक पर्यटक

ता. क. : उत्तर ऑक्टोबर संपायच्या आत पाठवावे. त्यानंतर आपल्यातले काही बी होऊन पडतात आणि काही कंदात शिरून थेट पुढच्या पावसापर्यंत झोपतात, असे समजले.