कितीला पडलं?

रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची तिकीट सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली आणि आमच्या भाऊजींना साठ पूर्ण झाली २०२१ मध्ये. पुरुषांना ४० टक्के सवलत मिळायची. बँकेच्या ऑडिट खात्यात उभी हयात काढलेल्या या माणसाने साठीशांतीपेक्षा त्या ४० टक्क्यांची वाट जास्त आतुरतेने पाहिली होती. ‘एका वर्षानं हुकलं रे,’ असं ते अजूनही म्हणतात. त्याच रागात त्यांनी रेल्वेकडे पाठ फिरवली आणि विमानाचं भाडं हा विषय अभ्यासाला घेतला.

जुनी जखमही होतीच. कॅप्टन गोपीनाथांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली आणि पुढे एक रुपयाची तिकिटं काढली, कर वेगळे. भाऊजींच्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना त्यातलं एक मिळालं. ते कुठे गेले, तिथे काय पाहिलं, हे आता त्यांना नीट सांगता येत नाही. तिकीट मात्र लॅमिनेट केलेलं आहे आणि बँकेतल्या प्रत्येक निरोप समारंभात ते खिशातून बाहेर निघतं.

ताईच्या सासरची कुलदेवी गोव्यातल्या कवळ्याची शांतादुर्गा. ‘यंदा देवीला जाऊन येऊ,’ असं ताई गणपतीत म्हणाली आणि भाऊजींनी दोनशे पानी वही उघडली. आम्ही चौघं जाणार होतो: भाऊजी, ताई, मी आणि आमची ही. रोज रात्री जेवण झालं की भाऊजी गूगल फ्लाइट्सवर तारखांचा तक्ता उघडत आणि हिरव्या रंगातले स्वस्त आकडे वहीत उतरवत. तारीख, विमान, सुटण्याची वेळ, आजचा भाव. ‘भाव’ हा त्यांचाच शब्द. एकदा स्कायस्कॅनरवर त्यांना ‘कुठेही’ असा पर्याय सापडला. निघण्याचं ठिकाण पुणे टाकायचं, जाण्याच्या जागी ‘कुठेही’ म्हणायचं, की स्वस्तातल्या गावापासून यादी सुरू होते. पाऊण तासाने ते बाहेर येऊन म्हणाले, ‘हैदराबाद फारच स्वस्त आहे.’ ताई म्हणाली, ‘देवी कवळ्याला आहे.’

या क्षेत्रात अंधश्रद्धाही भरपूर. मंगळवारी मध्यरात्री भाव उतरतात, ही एक. आपण तेच तेच भाडं पाहत राहिलो की कंपनीला आपली नड कळते आणि ती भाव चढवते, ही दुसरी. त्यावर उतारा म्हणून ब्राउझरची ती काळी, गुप्त खिडकी उघडून बघायचं. भाऊजी रात्री साडेअकराला दिवा मालवून काळ्या खिडकीसमोर बसायला लागले. ताईने काही दिवस सोसलं, मग बंगळुरूला मुलाला फोन लावला. ‘बाबा रात्री काहीतरी बघतात रे.’

भाच्याने मग दोघांनाही समजावलं. विमानात खुर्च्या एकसारख्याच, पण तिकिटं वेगवेगळ्या भाड्यांच्या कप्प्यांत वाटलेली असतात. स्वस्त कप्पा रिकामा झाला की वरचा उघडतो, मागणी थंडावली की कधी खालचा पुन्हा उघडतो. काळ्या खिडकीचा त्याच्याशी काही संबंध नाही. ‘आणि बाबा, चार तिकिटं एकदम मागू नका. स्वस्त कप्प्यात तीनच उरली असली तर चौघांनाही वरचा भाव लागतो.’

‘म्हणजे एकत्र कुटुंबाला दंड!’ भाऊजी गरजले. त्यांनी लगेच तपासलं. खरंच तीन स्वस्तात मिळत होती आणि चौथं महाग. तीन त्यांनी तिथल्या तिथे काढली. चौथ्याचा मान मला मिळाला.

दरम्यान एक आडवाट त्यांना कुठूनशी कळली होती. कधीकधी पुणे–गोवा–बंगळुरू असं गोव्यात थांबत जाणारं तिकीट नुसत्या पुणे–गोवापेक्षा स्वस्त असतं. मग ते काढायचं आणि गोव्यातच उतरून घरचा रस्ता धरायचा. अमेरिकेत ‘स्किपलॅग्ड’ नावाची साइट अशी तिकिटं हुडकून देते आणि युनायटेड एअरलाइन्सने २०१४ मध्ये तिच्यावर दावा लावला होता. दाव्याचं ऐकून भाऊजींना ती साइट जास्तच विश्वासू वाटायला लागली.

‘पण बॅग बंगळुरूला जाईल ना,’ मी म्हणालो.

‘जाऊ दे की. पोरगा आहे तिथं, घेईल उतरवून.’

ओटीचा खण, तांदूळ आणि देवीची साडी बंगळुरूला पाठवायची कल्पना ताईला मान्य झाली नाही. शिवाय एक टप्पा गाळला की कंपनी त्या तिकिटावरचे पुढचे टप्पे, परतीचासुद्धा, रद्द करते. बेत बारगळला.

स्वस्त तिकीट मोप्याचं होतं. गोव्याला आता दोन विमानतळ: दाबोळी जुना, नौदलाचा, मोपा जानेवारी २०२३ पासून. यंत्राच्या लेखी दोन्ही ‘गोवा’च. पण मोपा पेडणे तालुक्यात, पार उत्तरेला. तिथून पणजीपेक्षा आपलं बांदा जवळ, आणि आम्हाला जायचं होतं फोंडा तालुक्यात. भाऊजींनी नकाशावर बोट ठेवून अंतर मोजलं, मग भावाकडे पाहिलं आणि नकाशा बंद केला. देवाची यात्रा थोडी खडतर असावी, असं त्यांचं मत त्याच क्षणी झालं.

भाडं सर्वांत खालचं असल्याने त्यात मोठं सामान नव्हतं. हातात सात किलो, बस्स. ताईने त्या सात किलोंत साडी, खण, तांदूळ, चौघांची थालीपीठं आणि परसातला नारळ बसवला. लोहगावला तपासणीच्या पट्ट्यावर जवानाने नारळ अलगद बाहेर काढला.

‘नारियल केबिन में नहीं जाएगा.’

भाऊजी तयारीत होते. २०२४ मध्ये सबरीमलाच्या यात्रेकरूंना केबिनमध्ये नारळ नेण्याची परवानगी मिळाली होती, हे त्यांनी आपल्या हिंदीत मांडलं. जवानाने शांतपणे विचारलं, ‘सबरीमला जा रहे हैं?’

‘नहीं, कवळे.’

ती परवानगी सबरीमलाचीच होती, आणि तीही २० जानेवारी २०२५ ला संपलेली. नारळ फोडून खोबरं करून नेता येईल का, असं ताईने विचारलं. सुकं खोबरं तेलकट, पेट घेणारं म्हणून ते तर सामानातही चालत नाही. ताईच्या सासूबाईंनी लावलेल्या माडाचा तो नारळ टोपलीत गेला. ताई विमानात बसेपर्यंत बोलली नाही.

विमानातही जवळ बसून बोलायची सोय नव्हती. जागा निवडायचे पैसे भाऊजींनी वाचवले होते. चेक-इन करताना यंत्राने चौघांना चार दिशांना फेकलं, आणि चारही मधल्या खुर्च्या. भाऊजींची जागा माझ्या पुढच्या रांगेत, दोन तरुणांच्या मध्ये, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

ओरेन एत्झिओनी म्हणून सिएटलमध्ये संगणकशास्त्राचे एक प्राध्यापक होते. २००३ मध्ये ते भावाच्या लग्नाला लॉस एंजेलिसला निघाले होते. तिकीट कित्येक महिने आधी काढलेलं. विमानात त्यांनी शेजाऱ्यांना सहज विचारलं, कितीला पडलं? मागाहून घेतलेल्यांनाही तिकीट स्वस्त पडलं होतं. त्या चिडीतून त्यांनी भाड्याचे चढउतार सांगणारं ‘फेअरकास्ट’ उभं केलं आणि २००८ मध्ये ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं. हे मी भाऊजींना सांगितलं होतं हे खरं, पण त्यातला मायक्रोसॉफ्टचा भाग त्यांनी ऐकलाच नाही. शेजाऱ्याला विचारण्याला एका प्राध्यापकाची मान्यता आहे, एवढंच त्यांनी घेतलं.

डावीकडच्या तरुणाचं तिकीट दुपटीच्या घरात निघालं. भाऊजींनी त्याला थालीपीठ दिलं. उजवीकडचा कानात बोंडं घालून झोपला होता. त्याला त्यांनी पाणी विचारायच्या निमित्ताने उठवलं. त्यानेही जास्त दिले होते. विमान ढगांच्या वर गेलं आणि भाऊजीही. मग पलीकडच्या रांगेतल्या एक आजी आपण होऊन बोलल्या. त्यांच्या नातवाने कसल्याशा कार्डावरचे पॉइंट वापरून काढलं होतं, फक्त कर भरावा लागला. भाऊजींनी खिडकीबाहेर पाहण्याचा प्रयत्न केला, पण मधल्या खुर्चीवरून झोपलेल्या तरुणाचं डोकं तेवढं दिसलं.

मोप्याला उतरल्यावर कदंबची बस आहे, हे मी सुचवून पाहिलं. पण ताईचा नारळावरून गेलेला मूड पाहता बसचा विषय वाढवण्यात शहाणपण नव्हतं. टॅक्सी केली. म्हापसा यायच्या आत तिकिटावर वाचवलेले पैसे मीटरशिवायच संपले. मांडवीवरच्या अटल सेतूवरून जाताना चालक सहज म्हणाला, देवी मूळची केळशीची, पोर्तुगीजांच्या काळात लोकांनी तिला नदीपार कवळ्याला हलवली.

‘केळशी कुठे आली?’ भाऊजींनी विचारलं.

‘दाबोळीच्या बाजूला.’

भाऊजी बराच वेळ हिशेब करत राहिले. देवी मूळ जागी असती तर दाबोळीचं तिकीट काढूनही टॅक्सी निम्म्यात झाली असती. पोर्तुगीजांबद्दल त्यांचं मत आधीपासून वाईट होतं. आता त्याला आकड्यांचा आधार मिळाला.

दर्शन मात्र फार सुंदर झालं. गर्दी नव्हती, कारण बुधवार होता, आणि बुधवार होता कारण त्या आठवड्यात तोच हिरवा होता. ताईने देवळाबाहेरून नवा नारळ घेऊन ओटी भरली आणि तिचा चेहरा निवळला. दुपारी देवळाजवळच्या खाणावळीत खतखतं आणि सोलकढी होती. समोर पुण्याचेच एक गृहस्थ बसले होते. कंपनीच्या बैठकीसाठी पणजीला आलेले, म्हटलं जाता जाता देवीचं दर्शन घ्यावं. काल सकाळच्या विमानाने आले होते.

‘कितीला पडलं?’ भाऊजी.

‘काय?’

‘तिकीट.’

‘ठाऊक नाही बुवा. ऑफिसनं काढलं.’

पैसे जास्त गेलेला माणूस भाऊजींना कळतो. कमी गेलेलाही कळतो, तो त्रास देतो एवढंच. भाव ठाऊकच नसलेला माणूस त्यांनी प्रथमच पाहिला. त्यांनी पिशवीतून वही काढली. ‘काल सकाळचं, दाबोळीचं? आणि काढलं कधी?’ परवा संध्याकाळी बैठक ठरली, असं गृहस्थ म्हणाले. भाऊजींचं बोट रकान्यावरून खाली सरकलं, थांबलं, आणि त्यांनी आकडा सांगितला. आमच्या चौघांच्या जाण्याच्या भाड्याला तो सहज पुरला असता.

‘असेल,’ गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी आणखी एक वाटी सोलकढी मागवली.

‘कंपनी कुठली म्हणालात?’

त्यांनी अभिमानाने नाव सांगितलं. त्या कंपनीचे थोडे शेअर भाऊजींकडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला बाजार उघडला, तेव्हा ते अंघोळ न करता मोबाइल हातात धरून विकायच्या तयारीत बसले होते.