आवक-जावक

सकाळी सातला फाटकाची कडी वाजली की दूधवाला आला का बप्पा आले, हे आमच्याकडे वासावरून कळतं. दूधवाल्याला वास नसतो.

"वहिनी, कांद्याची टरफलं ठेवलीत ना?" अशी हाळी देत बप्पा ओसरीवर येतात. एका हातात बादली, दुसऱ्या हातात रजिस्टर. गल्लीत काल कुणाकडे काय शिजलं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. कुणाकडे पाहुणे उतरलेत, कुणाच्या घरात भांडण होऊन डाळ तशीच राहिली, सगळं बादलीत दिसतं. गळ्यात माळ असलेल्या एका सद्गृहस्थांच्या घरून दर सोमवारी वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळलेली अंड्याची टरफलं येतात. बप्पा नाव सांगत नाहीत. "कॅल्शियमला माळ नसते," एवढंच म्हणतात.

बप्पांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. निवृत्तीनंतर कागद येणं थांबलं, आणि जे येईल त्याची नोंद करून पुढं ढकलायची हाताची सवय मात्र राहिली. म्हणून गच्चीवर खताचे ड्रम आले. रजिस्टरात अजून रकाने तेच आहेत: तारीख, कोणाकडून, तपशील, वजन, शेरा. आमच्या नावापुढचा एक शेरा मी स्वतः वाचलाय: "चहाचा चोथा, 150 ग्रॅम. साखर धुतलेली नाही. मुंग्या झाल्यास जबाबदारी देणाऱ्याची." तयार खत ते कुणाला दिलं, तर पोच घेतल्याशिवाय जिना उतरत नाहीत. आमच्या पुतणीच्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून दोन किलो गांडूळखत दिलं आणि नवऱ्या मुलाची सही घेतली.

निवृत्तीचं साल होतं 2016. त्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यातलं मांजरा धरण आटलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. त्या वर्षी बीडमध्ये कुंड्यांचा नाद लावून घेणं म्हणजे वाळवंटात होडी घेणं. पण बप्पांनी डाळ-तांदळाचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी, ताकाचं भांडं विसळलेलं पाणी, एवढ्यावर झाडं तगवली. हे मात्र मान्य करायलाच हवं. आम्ही ते पाणी मोरीत ओतत होतो आणि टँकरची वाट पाहत होतो.

त्याच वर्षी नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांना पद्मश्री मिळाली आणि जीवामृत हा शब्द आमच्या गल्लीपर्यंत पोचला. पुढं पाऊस झाला, नळाला पाणी आलं, आणि बप्पांनी कृती उतरवून घेतली. एका एकराला दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि 200 लिटर पाणी. दोन दिवस सावलीत आंबवायचं, रोज ढवळायचं, आठवड्याच्या आत संपवायचं. बप्पांची गच्ची दोनशे चौरस फूट. त्यांनी रीतसर त्रैराशिक मांडलं. उत्तर आलं: शेण 46 ग्रॅम, पाणी लिटरभरही नाही.

दुसरा कुणी असता तर त्यानं चहाच्या पातेल्यात काम उरकलं असतं. बप्पा मला म्हणाले, "46 ग्रॅम शेण मागायला गवळ्याकडे कोणत्या तोंडानं जाऊ?" तेव्हा त्यांनी पूर्ण एकराचंच केलं. गवळ्याला आधी गाय देवणी का लाल कंधारी का जर्सी, हे विचारून घेतलं. जर्सी म्हणाल्यावर दुसरा गवळी गाठला. दुसऱ्याचीही जर्सीच होती, पण तो खोटं बोलला.

बेसनाचा प्रश्न घरातच सुटला. काकूंनी दिवाळीच्या शेवेसाठी चाळून ठेवलेला डबा त्या दिवशी हलका लागला. दोन दिवस बप्पा काठी घेऊन ड्रमापाशी उभे होते आणि काकू लाटणं घेऊन जिन्यापाशी. तिसऱ्या दिवसापासून 200 लिटर जीवामृत आठवड्याच्या आत खपवायची घाई झाली. गल्लीतल्या एकूणएक तुळशींना मिळालं. कोपऱ्यावरच्या पानटपरीच्या मनीप्लँटला मिळालं. आमच्या दारातल्या कोरफडीला तीनदा मिळालं आणि ती गेली. त्या दिवाळीत बप्पांच्या घरी शेव नव्हती. कुणी विचारलं की काकू शांतपणे सांगत, "गुलाबानं खाल्ली."

असा एक बप्पा आता गावोगाव दिसतो. अंबाजोगाईला माझ्या मेव्हण्याच्या शेजारी एक आहेत, ते केळीच्या सालींचं पाणी बाटल्यांत भरून तारखा घालून ठेवतात. पाहुण्यानं चुकून सरबत समजून घेतलं, तर त्याच्या तब्येतीपेक्षा त्यांना बाटलीची हळहळ जास्त. पण आमच्या बप्पांची व्याप्ती निराळी. महाशिवरात्रीनंतर ते पोतं घेऊन कंकालेश्वराला जातात, बेलपानं आणतात. खंडेश्वरीच्या नवरात्रानंतर नारळाच्या शेंड्या. उन्हाळाभर रसवंतीवरून चिपाडं, कारण ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर कोरडा थर भरपूर लागतो, नाहीतर हवा खेळत नाही. "कुजणं वेगळं न् सडणं वेगळं," हे ते इतक्या गांभीर्यानं सांगतात, की ऐकणारा आपोआप स्वतःच्या आयुष्याचा विचार करायला लागतो. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याच्या साली त्यांनी वेगळ्या ड्रमात ठेवल्या. मानांकित साली आहेत, साध्या सालींत कशा मिसळायच्या?

एकानं कौतुकानं परळीच्या वीज केंद्राची राख पोतंभर आणून दिली. बप्पांनी ती जावक क्रमांक टाकून परत केली. "ही कोळशाची. मला लाकडाची पाहिजे, पोटॅश असलेली." मग लाकडाची मिळाली आणि त्यांनी ती सढळ हातानं वाटली, वर टरफलांची भुकटी. महिन्याभरात गुलाबावर केवडा पडला. पानं पिवळीजर्द, शिरा तेवढ्या हिरव्या. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा त्यांचा भाचा आला होता, तो म्हणाला, "मामा, आपली माती मुळातच चुनखडीची. त्यात तुम्ही राख न् टरफलं घालायलात. मुळांना लोह उचलता येईना गेलंय." बप्पांनी ऐकून घेतलं. रजिस्टरात शेरा पडला: "मुलगा हुशार. अनुभव कमी."

खूप दिवस मला वाटायचं की या माणसाचं झाडांवर प्रेम आहे. मग एकदा गच्चीवर गेलो. तेरा ड्रम, सगळे झाकलेले, चिठ्ठ्या लावलेले, सावलीत. कुंड्या उन्हात, कडेला. बप्पांनी मला प्रत्येक ड्रमाचं झाकण उघडून दाखवलं, काळंभोर खत मुठीत घेऊन हुंगायला लावलं. खरोखर पहिल्या पावसाचा वास. झाडांपाशी आलो तेव्हा म्हणाले, "हे काय, हे खत टाकायला ठेवलंय." त्यांच्या हिशेबात झाडं म्हणजे जावक.

तेवढ्यात चार नंबरच्या ड्रमात त्यांना काहीतरी दिसलं आणि ते धावले. खतातच टोमॅटोची रोपं उगवली होती, सात-आठ, बोटभर जाड खोडाची, अंगावर बारीक लव असलेली. त्या गच्चीवरची तेवढीच झाडं अंगानं भरलेली होती. बप्पांनी ती मुळासकट उपटली. "फुकटची खायलेत," म्हणाले. "नोंद नाही, काही नाही."

काकू मागं उभ्या होत्या. त्यांनी रोपं केरात टाकायला म्हणून उचलली, पदराखाली घेतली आणि जिना उतरून थेट आमच्या परसात आल्या. तेलाच्या डब्यांत लावली. पाणी आमच्या हिनं घातलं. वरून काहीही घातलं नाही.

दिवाळीच्या आधी पहिला तोडा झाला. पाटी ओसरीवरच होती आणि सातला कडी वाजली. बप्पांनी एक टोमॅटो उचलला, दाबला, उजेडात धरला.

"बाजारातले ना?"

मी गप्प.

"एवढे लालभडक, एवढे टणक. युरियाशिवाय होणं नाही. खाऊ नका हे असलं." त्यांनी रजिस्टर उघडलं, तारीख घातली, आमचं नाव लिहिलं. "नासू द्या. मग मी नेतो."