आरक्षण उठवण्याची सोपी रीत

मैदानासाठी राखलेल्या जागेवर इमारत उठवायची तर सभागृहात ठराव आणा, हरकती-सूचना मागवा, विरोधकांचा आरडाओरडा ऐका, वर मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवा. एवढी दगदग सांगितलीय कोणी? महाराष्ट्राच्या १९६६च्या नगररचना अधिनियमात कलम १२७ आहे. विकास आराखडा लागू होऊन १० वर्षं उलटली, तरी महापालिकेने आरक्षित जागा घेतलीच नाही, तर मालक खरेदीची नोटीस देतो. पुढच्या २४ महिन्यांत संपादनाचं पाऊल पडलं नाही, की आरक्षण संपलं. कोणी हातसुद्धा वर करायचा नाही.

जागा अडकून पडलेल्या मालकासाठी हे कलम आहे, आणि ते रास्तच. कौतुक आहे ते नोटिशीच्या प्रवासाचं. आवकचा शिक्का खाऊन ती नगररचनाकडून भूमिसंपादनाकडे, तिथून विधी विभागाकडे. प्रत्येक टेबलावर ‘अभिप्रायार्थ सादर’. निधी नाही हा शोध लेखा विभागाला लागतो तेविसाव्या महिन्यात. नुसते ठराव आणि पत्रं म्हणजे संपादनाचं पाऊल नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात बजावलं. त्यानंतर पत्रं थांबली असतील असं वाटणाऱ्याने महापालिकेत एकदा साधा दाखला काढायला जाऊन यावं.

रस्त्यावरची भेळेची गाडी उचलायची असली, की याच महापालिकेचं काम मात्र चोख. सकाळी साडेनऊला ट्रक हजर, दहाला गाडी गोदामात. तिची फाइल कुठल्याच टेबलावर अडत नाही.