कोहळा कुणी फोडायचा?

— काय हो काकी, रात्री दीड वाजता तुमच्या खोलीत दिवा दिसला. बरं नव्हतं का?

— मला काय धाड भरलीया! नातवानं मोबाईलवर ते फ्रँकेन्स्टाइन लावून दिलं. मग कुठली झोप यायला!

— भीतीनं?

— भीती कसली गं, रागानं! मढ्यांचे तुकडे गोळा करून जिता माणूस उभा केला, आणि तो उभा ऱ्हायल्यावर ह्यालाच नकोसा झाला. असला कसला बाप?

— पुस्तकात तर त्याहून वाईट आहे. मी कॉलेजात वाचलं होतं. त्यात तो बाप, व्हिक्टर, डॉक्टरबिक्टर नाही, जर्मनीत शिकायला ठेवलेला पोरगा. जवळजवळ दोन वर्षं राबला. त्या जिवानं डोळे उघडले तसा हा घाबरून खोलीत जाऊन पडला. तो बिचारा मागनं आला, पलंगाचा पडदा सारला आणि ह्याच्याकडं हात केला. हा जिन्यावरून खाली पळाला आणि रात्रभर अंगणात फेऱ्या घालत बसला.

— बघ! नाव तरी ठेवलं का न्हाई?

— नाही ना. सगळं जग त्या राक्षसालाच फ्रँकेन्स्टाइन म्हणतं, पण ते बापाचं आडनाव. आणि गंमत ऐका, 1818 साली पुस्तक निघालं तेव्हा लिहिणारीचंही नाव छापलं नव्हतं. लिहायला बसली तेव्हा मेरी अठरा वर्षांची. त्याआधी सोळाव्या वर्षी लग्न झालेल्या माणसाबरोबर पळून गेली होती!

— अगं बया! कोण हुता तो?

— कवी. शेली. पहिली बायको घरात असताना. 1816 च्या उन्हाळ्यात हे सगळे जिनिव्हाच्या तळ्याकाठी जाऊन राहिले. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्यामुळं तिकडं उन्हाळा असा आलाच नाही, नुसता पाऊस. घरात कोंडून पडल्यावर सोबतचा कवी बायरन म्हणाला, प्रत्येकानं एकेक भुताची गोष्ट लिहू या. त्यातनं हे निघालं.

— आईबापानं सोडलं कसं तिला?

— आई होतीच कुठं? मेरी जन्मली आणि दहा-अकरा दिवसांत आई गेली. आणि मेरीचं स्वतःचं पहिलं मूल 1815 मध्ये, दिवस भरायच्या आत जन्मलेलं, ते थोड्याच दिवसांत गेलं.

— मग तिला कळणारच की, टाकलेल्या जिवाचं काय हुतंय ते. पुढं काय करतो गं तो?

— एका झोपडीशेजारी लपून राहतो. भिंतीच्या फटीतनं आतल्या माणसांना बघत बघत बोलायला शिकतो, वाचायला शिकतो.

— म्हणजे आपल्यासारखंच, फटीतनं बघून शाना झाला!

— आणि सरपण गोळा करून गुपचूप त्यांच्या दारात ठेवतो. शेवटी धीर करून घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलतो, म्हातारा नीट बोलतोही. पण पोरं येतात आणि काठीनं बडवून काढतात. मग तो बापाला गाठून म्हणतो, मला एक बायको करून दे, आम्ही लांब निघून जातो. व्हिक्टर करायला घेतो आणि अर्ध्यात मोडून टाकतो. त्यानं मग व्हिक्टरच्या लग्नाच्या रात्रीच नवरीला मारलं.

— त्यानं मारलं ते वाईटच. पण आधी जबाबदारी कुणाची हुती? तुझं माहेर साताऱ्याचं, तुला आमच्या कोल्हासुराचं ठावं न्हाई. हितं लई छळलं त्यानं लोकास्नी. पण त्याला मोकळं रान दिलं कुणी? सांगत्यात, त्यानं अंबाबाईलाच प्रसन्न करून घेतलं आणि मागितलं, शंभर वर्सं तू करवीर सोडून जा. आई गेली की निघून!

— म्हणजे चूक देवीचीच?

— वर तिचा, तर निस्तरायचंबी तिनंच. मुदत भरली तशी परत आली, लढली, त्याला मारला. आणि मरताना त्यानं मागितलं, गावाला माझं नाव ऱ्हाऊ दे. ते दिलं. आपल्या कोल्हापूरचं नाव कुणाचं हाय मग? मारलेल्याचं! तुझ्या त्या व्हिक्टरला साधं बारसं जमलं न्हाई.

— म्हणून ललिता पंचमीला टेंबलाईवर कोहळा फोडतात होय?

— तर! त्याच्या आठवणीचाच कोहळा त्यो. अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीला भेटायला जाती. त्र्यंबोलीनं लढाईत मदत केली हुती, पण जिंकल्यावर तिलाच बोलवायचं ऱ्हायलं, म्हणून ती रुसून टेकडीवर पाठ फिरवून बसली. आई स्वतः समजूत काढायला गेली. अजूनबी दरसाल जाती. कुमारिका त्रिशूळ मारती, कोहळा फुटला की तुकड्यासाठी ही झुंबड! पोलिसांच्या दोरखंडाचं काय चालत न्हाई.

— शंकरानं मात्र असं केलं नाही. भस्मासुराला वर दिला आणि तो डोक्यावर हात ठेवायला आला तसा स्वतःच पळत सुटला. निस्तरायला विष्णूला मोहिनी व्हावं लागलं.

— त्यो भोळा! दिऊन बसतो, मग पळतो.

— आणि ‘तुंबाड’ बघितलात का? 2018 चा. त्यातल्या हस्तरची आई तिसऱ्याच तऱ्हेची. पोराला सोन्याची आणि धान्याची हाव. बाकीची पोरं, म्हणजे देव, त्याच्यावर तुटून पडले तशी तिनं त्याला परत पोटात घेतलं. अट एकच, कुणी त्याची पूजा करायची नाही. मग माणसांनी देऊळ बांधलंच!

— नुसतं झाकून ठेवलं, सुधारलं न्हाई. पोराला झाकणारी आई आणि पळणारा बाप, दोघंबी सारखीच. अगं, लांब कशाला, कोपऱ्यावरच्या घरातलंच बघ की. पोरगं रुसलं म्हणून बापानं बुलेट घेऊन दिली. त्यानं सायलेन्सर बदलला. आता रात्री बारा वाजता फटाके फोडल्यागत गल्लीतनं जातंय, आणि बाप खिडक्या लावून घेतोय. आई म्हणती, आमचं न्हवंच, दुसऱ्या कुणाची गाडी असंल.

— त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे.

— सकाळी बापच आला हुता आमच्यात. म्हणतो, तुमच्या मालकांचं ऐकंल त्यो, जरा समजवायला सांगा की. मी म्हटलं, भाऊजी, वर तुम्ही दिलाय. आता विष्णू आमच्या घरात कशाला हुडकताय?