ट्रिमिंगच्या मावशी

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं आणि खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला की महामार्गाच्या कडेने पत्र्याच्या शेड दिसू लागतात. वरवे बुद्रुकच्या आसपास अशा एखाद्या शेडमध्ये सिलिकॉन रबराचा माल निघत असेल, तर आतली मांडणी न बघता सांगता येते. मधोमध प्रेस, भिंतीला ओव्हन आणि खिडकीपाशी, उजेडात, ट्रिमिंगचं टेबल. प्रेसवर पोरं असतात, २०० अंशांच्या ओव्हनजवळ कुणी कारणाशिवाय थांबत नाही, आणि टेबलावर मावशी असतात. कुणाच्या मावशी, हे विचारायचं नाही. त्या सुपरवायझरच्याही मावशीच आणि त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या असलेल्या वॉचमनच्याही.

मावशींचं काम म्हणजे नको ते काढून टाकणं. डायमध्ये सिलिकॉन मुद्दामच थोडं जास्त भरतात, नाहीतर हवा अडकते आणि कोपरे भुके राहतात. प्रेस दाबली की ते जास्तीचं डायच्या दोन पाटांच्या फटीतून बाहेर पळतं. तापलेलं सिलिकॉन इतकं चपळ, की केसाहून बारीक फटही त्याला पुरते. मग वायरचं ग्रोमेट असो की कुकरची रिंग, प्रत्येक पीस जोडरेषेवर एक पातळ पापुद्रा घेऊनच बाहेर येतो. हा फ्लॅश. गिऱ्हाइकाला तो नको असतो, कारण जिथे सील बसायचं तिथेच तो आडवा येतो.

मावशी पीस डाव्या हाताच्या चिमटीत धरतात, किंचित ताणतात आणि पापुद्रा रेषेच्या बाजूने ओढत नेतात. सरळ बाहेर कधीच ओढत नाहीत. सिलिकॉन उन्हाला, पावसाला दाद देत नाही, पण एकदा कडेला चीर पडली की ती बघता बघता आत धावते. ओढून निघत नाही तिथे वाकड्या टोकाची कातर, तीही ओल्या फडक्यावर पुसलेली, कारण कोरडं सिलिकॉन पात्याला धरून बसतं. मग अंगठा एकदा गोल फिरतो आणि पीस क्रेटमध्ये पडतो. नवीन मुलगी एक पीस उलटसुलट बघत बसते, तोवर मावशींचे चार झालेले असतात आणि शेजारणीच्या सुनेचा विषयही संपत आलेला असतो.

टेबलाखालच्या पोत्यात जमा होणारा कचरा मात्र त्यांच्या जिवाला लागतो. “करंजीला कातण फिरवलं की उरलेलं पीठ परत मळता येतं. ह्याचं काय करायचं?” परत मळता तर येत नाही. एकदा पक्कं झालेलं सिलिकॉन पुन्हा वितळत नाही. त्यामुळे पोतं जड झालं की मावशी प्रेसकडे बघू लागतात, आणि प्रेसवाला पोरगा दुसरीकडे.

कारण फ्लॅश चुगली करतो. सगळीकडून जाड असेल तर माल जास्त भरलाय किंवा दाब कमी पडलाय. एकाच अंगाला जाड असेल तर पाट समांतर बसत नाहीत. दर वेळी त्याच जागी ठिपक्याएवढा येत असेल तर डायच्या तोंडाला टवका गेलाय. सुपरवायझरच्या तक्त्यात हे दुपारी उमटतं, मावशींना सकाळी दहालाच कळलेलं असतं. “आरं पोरा, रात्री झोपला न्हाईस का? चार नंबरच्या भोकात लोंदा टाकतुयास.” पोरगा वजनकाट्याला दोष देतो. मावशी काही बोलत नाहीत. तो पापुद्रा फक्त त्याच्या डब्याशेजारी ठेवून देतात.

कडा चाचपायची ही खोड शिफ्ट सुटल्यावर सुटत नाही. नसरापूरच्या बाजारात मावशी नवी बादली घेतात, तेव्हा आधी काठावरून अंगठा फिरतो आणि मग भाव विचारला जातो. संक्रांतीला वाण म्हणून आणलेल्या प्लॅस्टिकच्या वाट्यांच्या कडा त्यांनी आदल्या रात्री कातरून ठेवलेल्या असतात. लग्नाच्या मांडवात मंगलाष्टकं चालू असताना त्या खुर्चीच्या हातावरचा कंगोरा नखाने सोलत बसतात. माझं प्रामाणिक मत असं, की नवरीपेक्षा ती खुर्चीच त्यांनी जास्त नीट पाहिलेली असते.

एकदा चहाच्या सुट्टीत सुपरवायझरने माहिती पुरवली, की १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या बुटांचे बाहेरचे तळ सिलिकॉन रबराचे होते. पोरी हरखल्या. मावशींनी बशीतला चहा संपवला.

“मग त्याच्या कडा कुणीतरी काढल्याच असतील की. त्या बाईचं नाव छापलंय का कुठं?”

पुढे पुण्याहून एक इंजिनिअर आला, फ्लॅश काढणारं मशीन विकायला. द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. पीस गारठतो, पातळ फ्लॅश आधी ठिसूळ होतो, मग ड्रममध्ये प्लॅस्टिकचे दाणे आपटले की झडून जातो. मालकांनी विचारलं, “सिलिकॉनलाही?” इंजिनिअर जरा अडखळला. साधं रबर उणे सत्तरच्या सुमाराला कडक होतं; सिलिकॉन काचेसारखं ठिसूळ व्हायला जवळजवळ उणे १२० लागतात. म्हणजे नायट्रोजनही जास्त खर्चावा लागणार. “पण हाताचं काम वाचेल,” तो म्हणाला.

तेवढ्यात मावशींनी त्याचा टेबलावर ठेवलेला मोबाइल उचलून त्याचं सिलिकॉनचं कव्हर काढलं होतं. चार्जिंगच्या भोकाभोवतीचा पापुद्रा साफ करून त्यांनी कव्हर परत चढवलं आणि मालकांकडे वळल्या.

“साहेब, रबराला गार करायला एवढं पैसं हायेत, तर आमच्या टेबलावरचा पंखा तेवढा आधी बघा. पाडव्यापासनं बंद हाय.”