घरच्या घरी नळदुरुस्ती: सोपी आवृत्ती

काम: ठिबकणारा नळ थांबवणे. वेळ: वीस मिनिटं. खर्च: एका वायसरचा, म्हणजे टपरीवरच्या चहापेक्षाही कमी. ही तिन्ही विधानं खरी आहेत. फक्त ती एकाच दिवशी खरी ठरत नाहीत.

वाचक तीस-पस्तीस वर्षं जुन्या, चार मजली, लोखंडी पाईप भिंतीत गाडलेल्या सोसायटीत राहतो असं इथे गृहीत धरलं आहे. त्याच्या घरी एक पाना आहे, तो सासऱ्यांकडून आलेला आहे आणि त्याचा जबडा अर्धा उघडून अडकलेला आहे. स्वतंत्र बंगल्यात राहणाऱ्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. त्यांची टाकी त्यांची स्वतःची असते, त्यामुळे खरी अडचण त्यांना कळणारच नाही.

निदान

आधी नळ ठिबकू द्या आणि पाणी कुठून येतंय ते बघा. तोंडातून येत असेल तर आतला वायसर झिजला. नळ उघडल्यावर चावीच्या मुळाशी पाझरत असेल तर ग्लँड सैल झाली आहे. ती पान्याने पाव फेरा आवळली की बहुतेक वेळा भागतं. या संपूर्ण मार्गदर्शनात खरोखर पाच मिनिटांत होणारं काम एवढंच. तुमची तक्रार हीच असेल तर देवाला नारळ फोडा आणि पुढचं वाचू नका. भिंत आणि नळ जिथे भेटतात तिथे ओल दिसत असेल, तरीही पुढचं वाचू नका. पण कारण वेगळं.

नळ पाव फेऱ्यात उघडझाप होणारा असेल तर त्यात वायसर शोधू नका. आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकत असतात. पाण्यातला कण त्यांच्यामध्ये अडकला की चरा पडतो आणि मग अख्खा स्पिंडल बदलावा लागतो. तो त्याच कंपनीचा लागतो. कंपनीचं नाव नळावर कोरलेलं नव्हतं, छापलेलं होतं, आणि ते तारेच्या घासणीने केव्हाच निघून गेलं आहे.

या टप्प्यावर घरातलं कोणीतरी म्हणतं, "एक थेंब तर पडतोय." सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर चार लिटरांच्या वर पाणी. हा हिशेब मनातल्या मनात करा. मोठ्याने केलात तर ज्याने हिशेब केला त्याच्याच गळ्यात काम पडतं, हा घराघरातला नियम आहे.

पाणी बंद करणे

व्हिडिओतला माणूस सिंकखाली वाकतो, एक चावी फिरवतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आपल्याकडे रविवार इथेच संपतो.

सिंकखाली अँगल कॉक असेलही, पण तो फिल्टरचा असतो. ओट्यावर भिंतीतून थेट आलेल्या नळाला स्वतःची चावी नसते. बिल्डरने प्रत्येक फ्लॅटला एक स्टॉप कॉक दिलेला असू शकतो. तो फ्रीजच्या मागे, माळ्याच्या कोपऱ्यात किंवा मागच्या वेळी ओटा नवा केला तेव्हा बसवलेल्या सुंदर टाईलच्या आत असतो.

सापडलाच, तर हलक्या हाताने फिरवा. वर्षानुवर्षं न फिरलेला व्हॉल्व्ह जोर लावून कधीही फिरवू नये. का, तर तो फिरतो. म्हणजे त्याचं चाक आणि दांडी फिरते. आतली पितळी झडप दांडीपासून सुटते आणि तिला वाटेल तिथे राहते. वर राहिली तर पाणी बंद होत नाही. खाली पडली तर पुन्हा चालू होत नाही. यातलं कोणतं बरं, याचा विचार सावकाश करता येईल, तोवर गच्चीवर चला.

गच्चीच्या कुलपाची किल्ली सेक्रेटरींकडे असते. सेक्रेटरी गावाला गेलेले असतात.

टाकीखालून सहा-आठ पाईप निघतात, प्रत्येकाला व्हॉल्व्ह. कोणता कुठला हे पूर्वी लाल ऑइलपेंटने लिहिलेलं होतं. मागच्या उन्हाळ्यात वॉटरप्रूफिंगवाल्यांनी भिंतीबरोबर तेही पांढरं करून टाकलं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ती फ्लॅट विकत घेताना कोणी सांगत नाही. टाकीतून उतरणारी लाईन एका फ्लॅटला जात नाही, ती एका उभ्या रांगेला जाते. चौथ्या मजल्याचं, तिसऱ्याचं, दुसऱ्याचं आणि पहिल्याचं स्वयंपाकघर एकाच पाईपवर असतं. नळ तुमचा, वायसर तुमचा, पाना सासऱ्यांचा. पाणी मात्र चौघांचं. करारनाम्यात कार्पेट एरिया लिहिलेला असतो, हे लिहिलेलं नसतं. स्वतःच्या घरातलं काम स्वतः करायला निघालेला माणूस पहिल्याच पायरीवर तीन बिऱ्हाडांची परवानगी मागत उभा असतो.

त्यासाठी ग्रुपवर संदेश टाकावा. मसुदा असा: "नमस्कार. रविवारी सकाळी ११ ते ११.३० या वेळेत बी विंगच्या ओळ क्रमांक दोनमधील किचनचे पाणी दुरुस्तीसाठी बंद राहील. सहकार्य अपेक्षित." उत्तरं येतील. ए विंगमधले एक जण विचारतील, "आमचंही का?" कोणीतरी विचारेल, "बोअरचं की कॉर्पोरेशनचं?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हात जोडल्याची खूण पाठवतील, ती होकार आहे की सुप्रभात, हे ठरवायला मार्ग नाही. पहिल्या मजल्यावरून निरोप येईल, "आमच्याकडे पाहुणे जेवायला आहेत, दुपारी चारनंतर करा." दुपारी चारनंतर हार्डवेअरचं दुकान बंद. रविवारी ते दुपारी एकलाच बंद होतं.

समजा सगळं जुळलं आणि योग्य व्हॉल्व्ह बंद झाला. लगेच नळाला हात लावू नका. उभ्या पाईपमध्ये पाणी भरलेलंच आहे आणि ते सर्वांत खालच्या उघड्या नळातून बाहेर पडतं. म्हणून पहिल्या मजल्यावर जाऊन नळ थोडा वेळ उघडा ठेवायची विनंती करावी लागते, पाहुण्यांसमोर. तुम्ही स्वतःच पहिल्या मजल्यावर राहत असाल तर वरच्या तिघांच्या वाट्याचं पाणी तुमच्या ओट्यावर उतरेल. दाबाचाही विचार ठेवा: पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे जवळपास एक बार दाब. चौथ्या मजल्यावर नळ उघडा राहिला तर पाणी ओशाळून बाहेर येतं. पहिल्यावर ते समोरच्या भिंतीवर जातं.

माप

आता वायसर आणायला निघा. वायसर काढल्याशिवाय माप कळत नाही, माप कळल्याशिवाय वायसर आणता येत नाही, आणि तो काढेपर्यंत चार घरांचं पाणी बंद असतं. यावर उपाय म्हणून काही लोक सगळ्या मापांचे वायसर डबीत भरून ठेवतात. त्या डबीत हवं ते माप सोडून सगळी मापं असतात.

दुकानातला संवाद आधी पाठ करून जा.

"काका, काय पाहिजे?"

"नळाचा वायसर."

"अर्धा का पाऊण?"

"अर्धा असेल."

"असेल?" इथे दुकानदार थांबतो. "सॅम्पल आणलंय?"

"फोटो आहे."

"फोटोला माप नसतं काका." मग तो मागच्या गिऱ्हाइकाकडे वळतो, ज्याला चार सुताची निप्पल आणि सव्वा इंची वेस्ट पाईप हवा आहे आणि जे त्याने एका श्वासात सांगितलं आहे. त्याच्याकडे आदराने बघा.

दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे, कारण या धंद्यात अर्धा इंच कुठेही अर्धा इंच नसतो. अर्ध्या इंची लोखंडी पाईपची बाहेरची जाडी फूटपट्टीने मोजली तर २१ मिलिमीटरच्या वर भरते, म्हणजे पाऊण इंचापेक्षाही जास्त. ते नाव पूर्वीच्या जाड पाईपांच्या आतल्या भोकाचं होतं. पाईप बदलले, नाव राहिलं. क्रीम रंगाचा सीपीव्हीसी पाईप घ्याल तर त्याचा अर्धा इंच बाहेरून सुमारे १६ मिलिमीटर. दोन्ही दुकानात शेजारी शेजारी टांगलेले, दोन्हींवर एकच माप, आणि एक दुसऱ्यात नुसता घालून बघा: बसत नाही. मध्ये पितळी आट्यांचा जोड घालावा लागतो. आट्यांचीही तीच तऱ्हा. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८४१ मध्ये आट्यांचं प्रमाण सुचवलं, आणि त्याच घराण्यातले, इंचाला १४ असे आटे तुमच्या अर्ध्या इंची नळावर आजही आहेत. मेट्रिक मापांचा कायदा देशात १९५६ साली झाला. दूध लिटरवर गेलं, कापड मीटरवर गेलं. नळ गेला नाही.

सोडवणे

नळाच्या क्रोमवर ओरखडे पडू नयेत म्हणून पान्याखाली फडकं धरा. फडकं घसरतं. फडकं काढा.

समोरून बघताना डावीकडे फिरवलं की सुटतं, उजवीकडे आवळतं. सिंकखाली उताणं पडून वरचा नट सोडवताना डोकं, नट आणि तत्त्व यांच्या दिशा वेगवेगळ्या होतात. तेव्हा दोन्हीकडे थोडं थोडं फिरवून बघण्याचा मोह होईल. नट प्लॅस्टिकचा असेल तर एवढ्यानेच त्याचे आटे जातात.

आत वायसर दिसेल. तो काळा, कडक आणि ज्यावर बसतो त्या पितळी कड्याला चिकटलेला असेल. बोअरचं पाणी असेल तर सगळ्यावर पांढरा खरखरीत थर असतो; तो क्षारांचा, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून ठेवला तर सुटतो. तास-दोन तास लागतात. चार घरांचं पाणी बंद आहे हे विसरू नका. ते तुम्हाला विसरू देणारही नाहीत. नवा वायसर बसवा आणि ते कडं बोटाने चाचपून बघा. त्यावर खड्डा पडला असेल तर वायसर सोन्याचा बसवला तरी नळ ठिबकणार.

म्हणजे अख्खा नळ बदलायचा. इथे नवशिक्याने थांबावं अशी शिफारस आहे आणि इथे कोणीच थांबत नाही.

भिंतीतून नळ काढताना पान्यावर जोर लावावा लागतो. तीस वर्षांच्या गंजाने नळ आणि आतली लोखंडी निप्पल एकजीव झालेली असते. जोर लावला की तीनपैकी एक गोष्ट घडते. नळ सुटतो, हे फार क्वचित. पाना घसरून बोटं टाईलवर आपटतात, हे नेहमीचं. आणि तिसरी: "कट" असा एक छोटा, स्वच्छ आवाज येतो आणि नळ एकदम सहज हातात येतो. आनंदून जाऊ नका. नळाच्या मागे गोल कडं अडकलं आहे ते बघा. ती निप्पलची अर्धी बाजू आहे. दुसरी अर्धी भिंतीच्या आत, टाईलच्या मागे, बोटाच्या पेरापेक्षा खोल आहे. ती काढायला हॅकसॉचं नुसतं पातं आत घालून आतल्या आत चिरा देतात आणि मग पोलादी खुंटी ठोकून फिरवतात. जमलं तर कला, नाही तर टाईल फोडायची. टाईल फुटली की तशी दुसरी मिळत नाही; ते डिझाइन बंद होऊन वीस वर्षं झाली. मग एक टाईल वेगळी दिसेल म्हणून एक ओळ बदलायची, एक ओळ वेगळी दिसेल म्हणून भिंत. ओटा नवा करण्याचे बहुतेक प्रस्ताव घरात असेच मांडले जातात, वायसरपासून सुरू होऊन.

नळ सुखरूप निघाला असेल तर नव्या नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळायची. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, आठ-दहा वेढे. उलट गुंडाळली तर नळ बसवताना ती दाढीसारखी बाहेर येते. हा पदार्थ रॉय प्लंकेट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाला १९३८ मध्ये फ्रिजमधल्या वायूंवर काम करताना अपघाताने सापडला. त्याआधीपासून चालत आलेला सुताचा दोरा आणि सफेदा जुने मिस्त्री आजही वापरतात, आणि त्यांचे जोड गळत नाहीत, हे कोणाला सांगू नका. नळ आवळताना तोंड नेमकं खाली यायला हवं. ते आधी डावीकडे येतं. आणखी आवळलं की उजवीकडे जातं. मागे फिरवायचं नाही, टेप फाटते.

पाणी चालू करणे

गच्चीवरचा व्हॉल्व्ह हळू उघडा. पाईपात हवा शिरलेली असते. प्रत्येक घरातला नळ आधी खोकतो, मग तपकिरी पाणी येतं. पाणी थांबून पुन्हा धावलं की आतला गंज सुटतो आणि बारीक कण नळाच्या तोंडच्या जाळीत जाऊन बसतात. तुमचा नळ नवा असल्यामुळे छान चालेल. वरच्या दोघांची आणि खालच्या एकाची धार बारीक होईल. जाळी काढून धुवायची असते, दोन मिनिटांचं काम आहे, असं त्यांना सांगायला जाऊ नका. ते काम तुमच्याकडेच येईल.

फ्लश टँक आणि गिझर यांच्याविषयी या आवृत्तीत मार्गदर्शन नाही. गिझरला तर हातच लावू नका.

मिस्त्री आल्यावर

तो येतो, बुधवारी. त्याआधी पाना लपवा, टेपचे तुकडे उचला, हाताच्या बोटांना बांधलेली पट्टी खिशात ठेवा. तो नळाकडे बघून विचारेल, "साहेब, याला आधी कोणी हात लावला होता?" या व्यवसायात हा प्रश्न सक्तीचा असावा. उत्तर ठरलेलं आहे: मागच्या वेळचा मिस्त्री. तो मान हलवेल, दोन शब्द त्या मिस्त्रीबद्दल बोलेल. तुम्हीही दोन बोला.

मग तो विचारेल, "या लाईनचा मेन कॉक कुठला?" हे मात्र आता सोसायटीत तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही. त्याला गच्चीवर न्या, डावीकडून तिसरा दाखवा, तो फक्त साडेतीन फेरे घेतो आणि शेवटचा अर्धा अडतो हेही सांगा. जाताना तिसऱ्या मजल्यावरची बेल वाजवा आणि काकूंना एक बादली भरून ठेवायला सांगा. पहिल्या मजल्यावर त्याला पाठवा.